पायाच्या बदल्यात आलेली होडी

आमच्या घरी होडी आली ती ह्यांच्या पायाच्या बदल्यात. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. पण व्यवहार तोच झाला होता.

नळदुर्गच्या खाली, बोरी नदीच्या काठाला आमचं भोयांचं घर. पावसाळा-हिवाळा मासे धरायचे आणि उन्हाळ्यात नदी डोहाडोहांत तुटली की मिळेल त्या कामावर जायचं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, जिकडंतिकडं सडका आणि पूल निघाले होते. तशाच एका पुलावर माझा नवरा दगड उतरवायला गेला. एक दगड घसरला आणि त्यांच्या गुडघ्यावर आला. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा थांबला तो कायमचाच. पाय काठीसारखा सरळ राहिला.

पूल उभा राहिल्यावर कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार घरी आला. चहा प्याला, खालीच बघत म्हणाला, "पाय तर मला परत देता येत न्हाय. पाण्याची खोली बघायला एक नाव आणली होती, ती गोदामामागं पडलीय. घिऊन जा. तुमच्या कामाची हाय."

मी आतून म्हणाले, "पाय लई स्वस्तात गेला म्हणायचा!"

ह्यांनी माझ्यावर डोळे वटारले. पण ते खोटे वटारलेले होते. माणूस आतून हरखला होता, आणि का ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडं नदीत जायचं ते भोपळ्यांच्या सांगडीवर. वाळलेले मोठे भोपळे एकत्र बांधायचे, त्यावर पोटाखाली भार देऊन पडायचं आणि पायानं पाणी मारत जाळं लावायचं. सगळं काम पायाचं. गुडघा गेल्यावर ह्यांची सांगड आढ्याला टांगली गेली ती गेलीच. सोलापुरात माझा भाऊ गिरणीत होता. त्याचा निरोपावर निरोप, की दाजींना इकडं आणा, फाटकावर बसायचं काम लावून देतो. हे म्हणायचे, "फाटकावर बसायला म्या काय कुलूप हाय?" आणि नदीकडं तोंड करून बसायचे. नदी सुटली तर हा माणूस जगेल पण उरणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून ती होडी म्हणजे आमच्या घरात कुणी आजारातून उठावं तशी आली.

होडी बैलगाडीत घालून आणली. ॲल्युमिनियमची होती, सपाट बुडाची, दोन माणसं कशीबशी बसतील एवढी. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. गावातल्या बाया दारात आल्या. एकीनं विचारलं, "एवढं मोठं जर्मनचं पातेलं? कुणाच्या लग्नाचा भात शिजवायचा ह्यात?" मी म्हणाले, "तुझ्याच दुसऱ्या लग्नाचा." तिचा नवरा गाडीला हात लावून उभा होता, तोही हसला.

आता ही होडी पुलाच्या कामाची, माशांच्या कामाची नव्हे. तिला आपल्या कामाची करायला आम्हाला पुष्कळ दिवस लागले, आणि खरं सांगते, माझ्या संसारातले ते सगळ्यांत चांगले दिवस. पहिल्यांदा पाण्यात घातली तर जरा पाय हलला की ढणढण वाजे. मासे कसले थांबतात! मग मी आतून गोणपाट अंथरलं, दोन पदरी, कडेनं शिवून. काठाला जाळं अडकून फाटत होतं, तिथं माझं जुनं लुगडं गुंडाळलं. सुताराकडून लिंबाच्या लाकडाची दोन वल्ही करून घेतली. फुटक्या जात्याची तळी दोराला बांधली, ती नांगर झाली. बसायची फळी उंच केली, कारण पाय वाकत नव्हता, तो पुढं पसरूनच बसावं लागे.

आणि तिथंच घोळ झाला. आखडलेला पाय डावीकडं पसरला की होडी डावीकडं कलायची. जाळं ओढायला वाकले की पाणी आत. मग उजव्या बाजूला तळात चपटे दगड ठेवले. दगड घसरायचे. दोरानं बांधले, तरी घसरायचे. हे दोन दिवस होडीभोवती फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाले, "चुन्यात बसवतो."

आम्हाला चुन्यापेक्षा पक्कं काही माहीतच नव्हतं. नळदुर्गच्या किल्ल्यात नदीच्या आडवा बांध घातलाय, त्याच्या पोटात महाल आहे, वरून धो धो पाणी पडतं आणि आत भिंत कोरडी. सगळं काम चुन्याचं. लहानपणापासून ते बघितलेल्या माणसाला चुना पाण्यात दगा देईल असं स्वप्नातही येणार नाही. हे म्हणाले, "आख्खी नदी धरून ठेवलीय त्यानं. माझे चार दगड धरायला काय होतंय?"

वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, सगळं घालून चुना मळला. शेवटचा हात माझ्या पाट्यावर मारला. मी बोंब ठोकली, पण ऐकतंय कोण. पुढं कितीदा धुतला तरी त्या पाट्यावरच्या चटणीला चव येईना. गोणपाट उसवून तळात ओला चुना थापला, दगड दाबून बसवले. तेव्हा दगडाच्या कडेनं बारीक बारीक बुडबुडे आले. मी वाकून बघितलं. म्हणाले, "आवं, हे काय उकळल्यावाणी?"

ते हसले. "धरतोय चुना. चांगला धरतोय." मला पटलं. न पटायला काही कारण नव्हतं. चुना आळल्यावर मी गोणपाट पुन्हा वरून शिवून टाकलं.

काठावर सात आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, शेंदरी दगड आहेत, तिथं नारळ फोडला, होडीला हळदकुंकू लावलं आणि ती पाण्यात घातली. होडी सरळ राहिली. हे फळीवर बसले, पाय पसरला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि वल्हं मारलं. मी काठावर उभी राहून रडले. कुणी बघत नव्हतं म्हणून रडले.

त्यानंतरचा सगळा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा आमचा सुखात गेला. मरळ, वाम, शिंगटी, घरात माशाचा वास मुरला. ह्यांना नदीचा तळ पाठ होता. वर गढूळ पाणी असो, खाली कुठं कपार, कुठं चिखल, कुठं खडक, ते बोट दाखवून सांगायचे. खडकांना त्यांनी नावं ठेवली होती. एकाचं नाव उंट, एकाचं पाटील. मधल्या डोहाच्या तोंडाशी, वाकड्या बाभळीसमोर पाण्याखाली एक टोकदार खडक होता, तो कधी दिसायचा नाही पण लागायचा, म्हणून त्याचं नाव सासू. माझ्या सासूबाई जिवंत असत्या तर चुलीतलं लाकूड घेऊन मागं लागल्या असत्या. "आंधळा झालो तरी सासू चुकणार न्हाय माझी," ते म्हणायचे. दुसऱ्या कशाचाही त्यांना गर्व नव्हता, एवढाच होता.

पुढच्या पावसाळ्यात पोळा झाल्यावर नदी भरून चालली होती. पूर नव्हता, पण पाण्याला ओढ होती. सकाळची वेळ. हे डोहातलं जाळं उचलायला गेले, मी काठानं गवत कापत होते. मला धपकन आवाज आला. वर बघितलं तर होडीची एक बाजू खाली गेलेली, दोन्ही वल्ही पाण्यावर, आणि बघता बघता होडी नाहीच. हे पाण्यात. एका पायानं पाणी मारत होते. मी विळा टाकून पळाले, कमरेपर्यंत पाण्यात शिरले, वाहत आलेलं एक वल्हं त्यांनी धरलं होतं त्याचं दुसरं टोक मी धरलं आणि ओढलं. काठावर आल्यावर ते कितीतरी वेळ पालथे पडून होते. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत देवीचं नाव घेत होते. माणूस वाचला होता, मला दुसरं काही नको होतं.

उठून बसल्यावर पहिला शब्द बोलले, "सासूची जागा हुकली माझी."

मी म्हणाले, "सासू कुठली? ती तर तिकडं, बाभळीसमोर. तुमी पार अलीकडं होता."

"मलाबी तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "म्हंजी मला आता आठवत न्हाय."

मी खूप भांडले. होडीच फुटली असेल, खिळा निघाला असेल, काहीही असेल. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जर्मन आपसूक फुटत न्हाय. बुडाला खालनं काहीतरी लागलं. खडक लागला. दगडासकट बूड गेलं." मागच्या पंधरवड्यात गोणपाटाखाली ओल जास्त दिसत होती, दगडांच्या कडेला पांढरी भुकटी सुटली होती, पण पावसाचे दिवस, सगळंच ओलं. त्याचा विचार दोघांनीही केला नाही. होडी त्या डोहात गेली आणि त्या डोहाचा तळ उन्हाळ्यातही उघडा पडत नाही. गावातली पोरं बुडी मारून बघतो म्हणाली. ह्यांनी नको म्हटलं.

मी दुसरी होडी बघू, दुसरं काही करू, असं म्हणून बघितलं. मला वाटलं होतं ते पाण्याला भ्याले. भ्याले नव्हते. ज्या माणसाला आपल्या नदीतला खडक आठवत नाही त्यानं नदीत जाऊ नये, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि ते ऐकलंही होतं. दिवाळीनंतर ते आपण होऊन म्हणाले, "तुझ्या भावाला कळव."

सोलापुरात आम्ही एका खोलीत राहिलो. हे फाटकावर स्टुलावर बसायचे, पाय पुढं पसरून. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं माणूस मुद्दाम आडवा पाय घालतोय. एका सुट्टीच्या दिवशी शेजारची चार माणसं गळ घेऊन तळ्यावर निघाली. माझ्या भावानं सांगितलं होतं की दाजी भोई आहेत. ती माणसं दाराशी आली, म्हणाली, "चला की काका, मासे कुठं लागतील ते दावा." हे खाटेवर बसले होते. म्हणाले, "तुमी जावा. मला पाण्यातलं काय कळत न्हाय."

मी चुलीपाशी होते. ते वाक्य मी ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला एकही खोटं सांगितलं नव्हतं, आणि हे त्यांना खरं वाटत होतं.

तीन-चार हिवाळे असे गेले. मग एका तापात ते गेले. तापात माणसं बडबडतात, हे नदीचं काहीच बोलले नाहीत. मी कान देऊन बसले होते.

त्यांना तंबाखूची सवय होती. चुन्याची पितळी डबी आणि तंबाखूची कापडी चंची कमरेला असायची. डबी मी त्यांच्याबरोबर सरणावर ठेवली, चंची मात्र माझ्या हातून सुटेना. ती मी माझ्या कमरेला लावली आणि सवयही त्यांच्यामागं मलाच लागली. मी तेव्हा बालवाडीत पोरं सांभाळायचं काम धरलं होतं. चौथीपर्यंत शिकले होते, ते तिथं कामाला आलं. बाजारातून एक स्वस्तातली डबी आणली, जर्मनची. त्यात चुना भरला.

पावसाळ्यात एक दिवस लुगडं कमरेपाशी ओलं आणि चरचरीत लागलं. बघते तर चंचीला पांढरा डाग. डबी रिकामी करून उजेडात धरली. बुडाला बारीक बारीक भोकं, पिठाच्या चाळणीसारखी. शेजारीण भांडी घासत होती. तिला दाखवली तर ती हसली. "जर्मनच्या डबीत चुना ठेवतात व्हय मावशी? खाऊन टाकतो चुना त्याला. ओला ऱ्हायला तर लवकरच खातो. पितळंची घ्यावी."

ती पुढंही काही बोलत होती. मी खाली बसले. मला ते बुडबुडे दिसले, दगडाच्या कडेनं आलेले. धरतोय चुना, चांगला धरतोय, असं म्हणणारा त्यांचा चेहरा दिसला. खडक लागलाच नव्हता. गोणपाटाखाली ओल्या चुन्यानं दिवसामागून दिवस बूड खाल्लं होतं आणि त्या सकाळी दगड आपल्याच भारानं खाली गेले होते. एका शेजारणीला भांडी घासता घासता ठाऊक असलेली गोष्ट. ती मला तेव्हा कुणी सांगितली असती तर मी त्या खाटेशी बसून त्यांना सांगितली असती, आणि ते तळ्यावर गेले असते. मी त्या दिवशी जेवढी रडले तेवढी ते गेले तेव्हाही रडले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेले. नदी आटली होती, डोह तेवढे शिल्लक. कधी नव्हे ते पाणी इतकं खाली गेलं होतं की वाकड्या बाभळीसमोर सासूचं टोक बाहेर आलं होतं, वर शेवाळ वाळलेलं. जिथं होडी बुडाली ती जागा तिथून कितीतरी अलीकडं. पलीकडं एक बाई धुणं आपटत होती, ती माझ्याकडं बघायला लागली, तरी मी मोठ्यानंच बोलले.

"आवं, सासू जाग्यावरच हाय. तुमी सांगितल्याली तितंच. तुमी इसरला नव्हता."