पाहुणगाठ आणि प्रभादेवीचा पाळणा

गाठींची नावं गोळा करायला मुंबईला जाते म्हटल्यावर नवरा हसला. पण मी नाशकात दोरकामाचे वर्ग घेते. बायका विचारतात, "ताई, या गाठीला काय म्हणतात?" आणि सुरगाठ, निरगाठ एवढं सांगून माझी गाडी थांबते. त्यात प्रभादेवीला आत्याच्या नातीचं बारसं निघालं. पहाटेची एसटी धरली.

दादरला उतरल्यावर प्रभादेवी म्हटलं की टॅक्सीवाले तोंड फिरवतात. सामान कमी असेल तर सरळ चालत जा. आत्याकडे पोहे खाऊन आधी पाळणा टांगला. लाकडी चौकटीवर सुती दोरीने मीच विणलेला. वरच्या कडीला पाहुणगाठ मारली. ही बाबांनी लहानपणी खाटेच्या पायावर शिकवलेली, नावासकट. एरवी मी तिचं टोक कापून आत दडवते. या वेळी लांब सोडलं आणि बाळाला बघायला खाली लाल गोंडा बांधला.

बारसं संध्याकाळी होतं, म्हणून गिरगावात खोताच्या वाडीत गेले. सकाळीच जावं, ऊन चढायच्या आत. आणि लोकांच्या घरांचे फोटो विचारून काढावेत. एका मैत्रिणीच्या ओळखीचे फ्रान्सिस अंकल तिथे राहतात. सगळी नोकरी जहाजावर झालेली. व्हरांड्याच्या कठड्यावर एकेक गाठ मारून दाखवत होते. "ही माकडाची मूठ. दोरी लांब फेकायची तर टोकाला वजन पायजे ना. हा मांजरीचा पंजा. आणि ही आजीबाई. दिसते साधी, ऐन वेळेला सोडून देते."

आतून आंटी म्हणाल्या, "आजीला कशाला बदनाम करता?"

दुपारी लालबाग. मसाल्याच्या गल्लीतून जाताना नाकाला रुमाल लावा. पुढे एका गल्लीत मांडवाचं काम चालू होतं. बांबू बांधणारे शिवाकाका बोलके निघाले. पक्की धरणारी ती घोरपड, ओढाल तशी आवळत जाणारी ती सासूबाई. मी हसत हसत लिहून घेतलं आणि म्हटलं, माझीही एक बघा. बांबूवर पाहुणगाठ मारली.

त्यांचा हात थांबला. "ताई, ही तुम्हाला कोणी शिकवली?"

"बाबांनी. आमच्याकडे हिला पाहुणगाठ म्हणतात."

"आम्हीपण तेच म्हणतो. तिरडीला बांधतात ही. मसणात पोचलं की टोक ओढायचं, सगळं मोकळं. पाहुणा निघाला, त्याला अडकवायचं नाही." त्यांनी टोक ओढलं. दोरी घरंगळून माझ्या पायाशी पडली.

मला बाबा आठवले नाहीत. लाल गोंडा आठवला.

आत्या फोन उचलेना. टॅक्सी मिळाली, पण परळपासून पुढे सिग्नलला थांबत थांबतच. घरात शिरले तेव्हा पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या आणि आत्याची सून बाळाला आत ठेवायला वाकली होती.

"थांब. ठेवू नकोस," म्हटलं आणि गोंडा ओढला.

पाळणा चौकटीसकट फरशीवर आदळला. सून बाळाला छातीशी धरून तिथेच खाली बसली. गाठ चुकली माझी, एवढंच मी सांगितलं. मग स्टुलावर चढून साध्या निरगाठी मारल्या, एकीवर एक. दोरी दोनदा हातातून निसटली, तेव्हा आत्याने स्टूल धरून ठेवलं. मी स्वतः लोंबकळून बघितल्यावरच बाळ पाळण्यात गेलं.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात आत्याला विचारलं, "बाबा तिरडी बांधायचे?"

"चाळीत कुणीही गेलं की दादालाच बोलवायचे. तुला सांगितलं नाही कुणी?"

"मग मला का शिकवली?"

"आम्ही भांडलो गं त्याच्याशी. पोरीला कसलं शिकवतोस म्हणून. तर म्हणाला, घरात कुणाला तरी यायला हवी. हिचे हात शांत आहेत."

नाशिकला परत येऊन चार दिवस झाले. माकडाची मूठ वर्गात सगळ्यांना आवडली. पाहुणगाठ अजून कुणाला दाखवलेली नाही. बाबा गेले त्या दिवशी मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून होते. स्मशानातून परतल्यावर भाऊ म्हणाला होता, गाठी सुटेनात, शेवटी कुणाचा तरी चाकू मागून कापाव्या लागल्या.