आत्या भुऱ्याशी बोलायची

नलूआत्या माझ्याशी कधी थेट बोलायची नाही. मला जे सुनावायचं ते ती तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याला सुनावायची. "भुऱ्या, ऊठ बाबा, तू तरी ऊठ. मॅडमचा सूर्य आठाला उगवतुया." भुऱ्या उंबऱ्याशी पडल्या पडल्या शेपटी आपटायचा आणि मी चहा न घेताच स्कूटी काढायची.

बारामती एमआयडीसीतल्या डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, म्हणून मी जवळच्या अंथुर्ण्यात वडिलांच्या या बहिणीकडे राहायला आले. ती एकटी, आणि भुऱ्या. मी पुण्यात वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. तिच्या लेखी हे दोन्ही गुन्हेच. मी उलट बोलत नसे, त्याचाही तिला राग. "भुऱ्या, मुक्या जनावराला सुदिक तोंड असतंय रं." मला ती आवडत नव्हती आणि मी ते लपवायची. तिनं तिचं कधीच लपवलं नाही.

एका सकाळी उसाच्या ट्रॅक्टरमागे भुंकत धावलेला भुऱ्या मध्येच कोसळला, दोरीवरून ओली चादर घसरावी तसा. आत्या कांदा घेऊन धावली आणि दगडावर फोडून तिनं तो त्याच्या नाकाशी धरला. माणसाला फेफरं आलं की तिकडे हेच करतात. थोड्या वेळानं भुऱ्या उठला, त्यानं अंग झाडलं. "बघ भुऱ्या, कांदा! ह्ये पुस्तकात न्हाय."

पण त्याचे पाय ताठले नव्हते, तोंडाला फेस नव्हता. अंग लुळं पडलं होतं आणि हिरड्या पांढऱ्याफटक. तो पडलेला असताना मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी त्याच दिवशी बारामतीत जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "फिट वाटत नाही, हृदयाचं असू शकतं. म्हातारा कुत्रा असा पडला, तर उठला तरी त्याच दिवशी आणायचा. परत पडला, धाप लागली किंवा उठलाच नाही, तर अजिबात थांबू नका."

संध्याकाळी धीर करून मी आत्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत भुऱ्याला म्हणाली, "ऐकलंस का? तुजं काळीज बिघडलंय म्हनं. फोनमदी दिसलं." मग आवाज चढला. "माज्या दारचं जनावर कुनी हलवायचं न्हाय. सांग तिला."

रविवारी भुऱ्या पाण्याच्या थाळीपाशी पडला. आत्यानं कांदा फोडला. तो हलला नाही. मी धावत जाऊन शेजारच्या रशीदभाईंना टेम्पो घेऊन बोलावलं, तोवर ती दुसरा फोडत होती. "थांबा, उठल त्यो." मग तिनं चप्पल हुंगवली.

"आक्का, बास करा आता! उचला!" रशीदभाई ओरडले.

तेव्हा तिनंच त्याला उचललं. बारामती यायच्या आधीच मांडीवर त्याचा श्वास थांबला. तिच्या मुठीत कांदा तसाच होता.

पोरीनं टेम्पोत घातलं म्हणून कुत्रं गेलं, असं तिनं गावभर सांगितलं. मी बारामतीत खोली बघितली. निघाले त्या सकाळी ती उंबऱ्यावर बसली होती. सवयीनं तिनं शेजारच्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, "पयला पडला तवाच न्यायला पायजे हुता का गं?"

तिच्या कुठल्याच बोलण्याला मी आजवर उत्तर दिलं नव्हतं.

"होय," मी म्हणाले आणि बॅग उचलली.