माझे साठ, तुझे साठ

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार, साल १९५८, सकाळी सहा वाजता. जागा: गावातली तालीम.

हजर: वस्ताद, माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा. माझा धाकटा भाऊ, उजवा खांदा निकामी. मी, दाराबाहेरच्या पायरीवर, वही आणि पेन्सिल घेऊन.

गैरहजर: दवाखान्याचे डॉक्टर. येतो म्हणाले होते.

त्या वहीचं हे पहिलं पान आहे. वही अजून माझ्याकडेच आहे, दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरांखाली. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि सरकारी दवाखान्यात नर्स होते. मालवणच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. नोंदी माझ्याकडे असत. औषधांची यादी, बाळंतिणींची यादी, धुवायला दिलेल्या चादरींची यादी. घरीही मी याद्या करत असे. भाऊ त्यावरून चेष्टा करायचा.

भाऊ गलबतावर खलाशी होता. त्या वर्षी हंगाम सुरू होताच शीड चढवताना तो डोलकाठीवरून पडला. खांदा उतरला. तो गलबतावरच कुणीतरी ओढून बसवला होता. घरी आला तेव्हा हात अंगाला चिकटून होता, सदऱ्याची बाहीसुद्धा दुसऱ्याने चढवावी लागे. त्याचं वय सव्वीस. मुंबईत एका आगबोट कंपनीत त्याचं नाव गेलेलं होतं. शिमग्याच्या सुमाराला तपासणीचं बोलावणं येणार होतं. तपासणीत दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागत आणि दोर चढून दाखवावा लागे. म्हणजे मुदत पाच महिन्यांची, आणि काम एकच: हात वर गेला पाहिजे.

आमचे डॉक्टर घाटावरचे, तरुण, वाचणारे. त्यांच्याकडे टपालाने वैद्यकीय मासिकं येत. मोडलेला किंवा उतरलेला अवयव नुसता बांधून न ठेवता मोजून-मापून व्यायाम द्यावा, वजन आणि आवर्तनं हळूहळू वाढवावीत, असे लेख अलीकडे त्यांत बरेच असतात, असं ते सांगत. गावातले लोक खांदा आखडला की वस्तादांकडे जातात आणि काही जण बरे होऊन येतात, हे त्यांनी पाहिलं होतं. नारळ उतरवताना माडावरून पडलेला एक पाडेली आणि खांदा धरलेला तरीवाला, हे दोघे त्यांच्याच औषधाने बरे झाले नव्हते आणि वस्तादांच्या हाताखाली झाले होते. डॉक्टरांना ते झोंबलं नाही. ते म्हणाले, "सिस्टर, हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. किती वजन, किती वेळा, किती दिवस. नाहीतर ही विद्या म्हाताऱ्याबरोबर जाईल." मी वही आखली.

वस्तादांची पद्धत अशी. लाठी आणि पट्टा शिकवताना जे हात मुलांना घोटून देतात, तेच हात ते दुखऱ्या माणसाला देत, पण उलट्या क्रमाने आणि सावकाश. आधी वेताची काठी, मग लाठी, शेवटी करेल, म्हणजे तालमीतलं लाकडी मुद्गल. लढाईचे हात खांद्याला जेवढं फिरवतात तेवढं दुसरं काही फिरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. आकडा ते स्वतः मोठ्याने म्हणत. तालमीत बायका जात नाहीत, आत मारुती आहे. म्हणून मी पायरीवर बसून आकडा ऐकायचे आणि लिहायचे. दार अर्धं लोटलेलं असे. आतलं काही दिसत नसे. ऐकू मात्र सगळं येई: काठीचा सूं आवाज, भावाचा श्वास, मामांचा आकडा.

मामा लाठीवर पोट भरत नव्हते. दिवसा ते एका व्यापाऱ्याच्या वखारीत नारळ मोजायचे. आमच्याकडे नारळ मोजणारा दोन्ही हातांत दोन-दोन नारळ उचलतो, चारही एकदम टाकतो आणि मग एक आकडा म्हणतो. पंचवीस म्हटलं की शंभर नारळ झाले. पहिल्या खेपेला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दवाखान्याची मागची खिडकी वखारीच्या अंगणावर उघडते. रोज दुपारी मी ते ऐकत इंजेक्शनच्या सुया उकळत असे.

तालमीतही मामा लाभ म्हणूनच सुरू करत. डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारलं, लाभ म्हणजे काय हो? मी सांगितलं, लाभ म्हणजे एक. ते खूश झाले. पानाच्या तळाला त्यांनी स्वतःच्या अक्षरात तशी टीप लिहिली. मलाही जरा बरं वाटलं की आपण घाटावरच्या माणसाला आपला एक शब्द नीट समजावला.

कार्तिकात भावाचा हात छातीपर्यंत आला, मार्गशीर्षात कानाला लागला. दर सोमवारी मी दवाखान्याच्या भिंतीशी त्याला उभा करून बोट पोचेल तिथे निळ्या पेन्सिलीने रेघ मारत असे आणि शेजारी तारीख. त्या रेघा पुढे भिंतीला चुना दिला तेव्हा गेल्या. तो म्हणायचा, "ताय, मी मेलंय तरी तू आधी टायम लिवतलंस." मी म्हणायचे, लिहीन, आणि कारणही लिहीन. महाशिवरात्रीला तो कुणकेश्वरला गेला आणि उजव्या हाताने देवळातली घंटा वाजवून आला. वहीत मी ते लिहिलं नाही, कारण उंची मोजलेली नव्हती. तेव्हा करेल चालू होतं आणि आकडा वीस होता.

डॉक्टर एकदा स्वतः येऊन बघणार होते. माझ्या यादीत ती ओळ तीन वेळा पुढे ढकललेली दिसते. एकदा देवीची लस टोचायला वाड्या-वाड्या फिरायचं होतं, एकदा बाळंतपण अडलं, एकदा ते पोचले तेव्हा तालीम आटपून दाराला कडी होती.

महाशिवरात्रीनंतर आठ दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. तपासणी अठरा दिवसांवर. हात वर जात होता, पण दोर धरून अंग ओढण्याएवढी ताकद नव्हती. डॉक्टरांनी वही पुढे घेतली, पानं उलटली आणि म्हणाले की रोजची वीसच आवर्तनं म्हणजे फारच थोडी आहेत. एवढ्याशा व्यायामावर इतका गुण येतो, तर वाढवायला भरपूर जागा आहे. त्यांनी चिठ्ठी लिहिली: करेल तेच, आवर्तनं साठ, रोज. मी ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीच्या दारात उभी राहिले आणि मामांना वाचून दाखवली. मामांना वाचता येत नव्हतं. पण त्याच डॉक्टरांनी आदल्या पावसाळ्यात मामींना विषमज्वरातून वाचवलं होतं, त्यामुळे त्यांच्या कागदाला मामा दोन्ही हात लावून नमस्कार करत.

मामांनी विचारलं, "साठ? माझे साठ काय तुझे साठ, गो बाय?"

मला दवाखाना उघडायचा होता. हातात किल्ल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, साठ म्हणजे साठ. सरकारी कागदात दोन तऱ्हेचे साठ आसतत काय?"

आतून भाऊ हसला. मामा हसले नाहीत. बरं म्हणाले आणि आत गेले.

पाच दिवस वहीत साठ-साठ लिहिलेलं आहे. भाऊ घरी येऊन जेवताना डाव्या हाताने घास घेऊ लागला होता. मी विचारलं तर म्हणाला, दुखतंय, पण दुखणारच, दिवस थोडे राहिलेत. त्याला आगबोट दिसत होती. एरवी फार झालं की तो वस्तादांना थांबा म्हणायचा. त्या दिवसांत त्याने एकदाही म्हटलं नाही.

सहाव्या दिवशी मामा एकेचाळीस म्हणाले आणि बेचाळीस आलंच नाही. ओल्या कापडाचा धांदोटा फाडावा तसा बारीकसा आवाज आला, मग करेल जमिनीवर पडल्याचा. भाऊ ओरडला नाही. मी वहीत ४१ लिहिलं. ते लिहून झाल्यावर मग उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा तालमीच्या आत गेले.

खांद्यातले स्नायू आणि शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी हात बांधला आणि मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या सर्जनने पाहून सांगितलं की उपयोग नाही. तपासणीची तारीख भाऊ तिथल्या खाटेवर असतानाच गेली. हात पुढे छातीपर्यंतही आला नाही. आज तो कमरेपर्यंत येतो, लुंगीची गाठ मारता येते.

आठवड्याने मामा दवाखान्याच्या मागच्या दाराशी आले. मी सुया उकळत होते. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच टेकले. वर, खाली, मग उलटं फिरवून वर, खाली, असे चार हात झाले की ते एक आकडा म्हणत, हे त्यांनी रिकाम्या हातानेच मला करून दाखवलं. वीस म्हणजे ऐंशी. साठ म्हणजे दोनशे चाळीस. मागे वखारीत कुणीतरी दुसरा माणूस नारळ मोजत होता.

"माका मोजूक येता, बाय," ते म्हणाले. "तुका इचारलंय तां तेच्यासाठीच."

त्यांनी उठताना एवढंच सांगितलं, "आता ह्यां खंय बोला नको. तुझी नोकरी सरकारी. माझां काय जातलां? नारळ मोजूक अक्षरां लागनत नाय."

आणि मी बोलले नाही. गावात सगळे म्हणाले की म्हाताऱ्याने अघोरीपणा केला. आयांनी मुलं तालमीतून काढली. त्या शिमग्याला आमच्या होळीच्या मांडावर लाठी फिरली नाही, पुढच्याही नाही. तालमीला कुलूप लागलं, मारुतीला तेल शेजारचा गुरव घालतो. भाऊ मामांशी बोलायचा बंद झाला. दोघांची वाट एकच होती, मामा दिसले की भाऊ माडांतून आडवाटेने जायचा. "म्हाताऱ्यान माझो हात खाल्ल्यान," असं तो माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात, अनेकदा म्हणाला. साठ डॉक्टरांच्या कागदातले हे त्याला ठाऊक होतं, पण हात जातोय हे वस्तादाला कळायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. मी ताट वाढत राहिले.

त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांची बदली झाली. वर्षभराने त्यांनी टाइप केलेली काही पानं पाठवली. डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांनी आमच्या वहीवरून निबंध वाचला होता. देशी शस्त्रविद्येतले हात आणि आखडलेला खांदा, असा विषय. तक्ता माझाच होता. वीस आवर्तनं हितकारक, साठ घातक. तळाला टीप: लाभ म्हणजे एक. पुढे त्यांचं पत्र आलं की दोघा-तिघा डॉक्टरांनी आपल्या रुग्णांवर वीस आवर्तनं करून पाहिली, काहीही गुण आला नाही, तेव्हा हा विषय आपण सोडला. म्हणजे जे ऐंशीने बरे झाले ते विसाने कसे होतील, हे सांगणारी मी एकटीच होते, आणि मी ते पत्र फाइल केलं.

मामा १९६४ च्या पावसाळ्यात गेले. भाऊ घरासमोरून तिरडी जाताना आत बसून राहिला. बाराव्यानंतर मी यादी केली. दोनच ओळी होत्या. पहिली: डॉक्टरांना सगळं खरं लिहिणे. ते मी त्याच आठवड्यात केलं, वहीची नक्कल काढली, आणखी एक रकाना आखला आणि प्रत्येक आकड्यासमोर त्याची चौपट लिहिली. माझ्या भावाच्या शेवटच्या ओळीत १६४ आलं. डॉक्टरांचं उत्तर आलं, छोटं आणि सभ्य. आता त्या निबंधाचं काही होणार नाही, पण कागद जपून ठेवतो, असं लिहिलं होतं. स्वतः येऊन बघायला हवं होतं, असंही.

दुसरी ओळ: भावाला सांगणे.

मामांच्या जागेवर व्यापाऱ्याने भावाला ठेवलं. तो एकाच हाताने मोजतो. दोन नारळ उचलतो, टाकतो, पुन्हा दोन उचलतो, टाकतो, तेव्हा आकडा म्हणतो. मामांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, पण चुकत नाही. खिडकीतून मला ऐकू येतं. सुरुवात लाभनेच करतो. मागच्या आठवड्यात तो सत्तरच्या पुढे कुठेतरी मध्येच थांबला आणि बराच वेळ पुढचा आकडा आला नाही. मी खिडकीशी गेले. तो नुसता दोन नारळ हातात धरून उभा होता. मग त्याने ते टाकले आणि मोजणं चालू झालं.

दर सोमवारी तो माझ्याकडे जेवायला येतो. तीन वर्षांत यादी चार वेळा नव्याने लिहिली. बाकी सगळ्या ओळींवर रेघ आहे. ही ओळ प्रत्येक नव्या पानावर उतरवून घेतली आहे. आज रविवार. कोळणीला मासे सांगून ठेवले आहेत, वही रजिस्टरांखालून काढून वर ठेवली आहे, आणि अजून सांगितलेलं नाही.