मामांचा हँडब्रेक

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. गाडी मी माझ्या पगारातून घेतली, जुनी घेतली आणि माझ्या नावावर घेतली. तरी ती नीट चालत होती तोवर घरात सगळे तिला ‘आपली गाडी’ म्हणायचे. तिला जळका वास यायला लागला त्या दिवशी ती ‘तुझी गाडी’ झाली.

वास मागच्या डाव्या चाकाचा होता. सणसरहून बारामती एमआयडीसीत पोचेपर्यंत ते चाक इतकं तापायचं की जवळ हात नेला तरी धग लागायची. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की गाडी बसकण मारायची. पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायची.

एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये मी दूध तपासते. गाडी यायच्या आधी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचे, तेही त्याची पाळी आणि माझी पाळी जुळली तर. नाही जुळली तर एसटी, आणि एसटी तिच्या मर्जीने यायची. उशिरा येते म्हणून साहेबांनी मला चारचौघांत झापलं होतं, पुन्हा झालं तर दुसरी बघू असंही म्हणाले होते. गाडी गेली की नोकरी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. सून घरी बसली तर घरात कुणी फार रडलं नसतं, हेही दिसत होतं.

पहिला उपाय आत्यांनी केला. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत धरून त्यांनी गाडीची दृष्ट काढली. बॉनेटपासून डिकीपर्यंत ओवाळलं, पुटपुटल्या आणि मूठ चुलीत टाकली. दृष्ट लागलेली असेल तर जळत्या मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्याकडे पक्कं मानतात. आम्हाला असा ठसका लागला की नवरा अंगणात पळाला आणि गोठ्यातली गाय दाव्याला हिसके द्यायला लागली.

“म्हंजी नजर न्हाय लागल्याली,” आत्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

नजर नाही म्हटल्यावर गुन्हेगार एकच उरला.

“ही ब्रेक ओढून तशीच चालवती,” मामांनी निकाल दिला. “ध्यान कुठं असतंय हिचं!”

“मामा, रोज सकाळी ब्रेक सोडूनच निघते मी. दोन्ही हातांनी जोर लावून सोडावा लागतो.”

“बघा! दोन्ही हात! आगं, एका बोटानं सुटाय पायजे त्यो.”

आणि त्यांनी दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून आपल्या खिशात घातली. माझ्या गाडीची किल्ली, माझ्यादेखत. मी मदतीसाठी नवऱ्याकडे बघितलं. तो पेपर वाचत होता. कालचा पेपर होता, पण मन लावून वाचत होता. असा संताप आला मला की त्या रात्री मी भाकऱ्या थापल्या नाहीत, बडवल्या.

मग एसटी सुरू झाली. साहेबांचं घड्याळाकडे बघणं सुरू झालं. गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली.

अशात निरवांगीला नणंदेच्या मुलाचं बारसं आलं. मामांनी जाहीर केलं की गाडी ते स्वतः चालवणार. गाडीत काही खोट नाही, खोट चालवणारीत आहे, हे त्यांना सगळ्या व्याह्यांसमोर सिद्ध करायचं होतं. मामांनी उभा जन्म आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर चालवलाय. गाडी चालवतानाही ते तिच्याशी बोलतात. “हां, चल, चल की,” असं चुचकारत त्यांनी ती रस्त्याला लावली. शेजारी नवरा. मागे आत्या आणि मांडीवर आहेराची पिशवी घेऊन मी. थोड्याच वेळात ओळखीचा वास आला. मी काच खाली केली आणि गप्प बसले. असं गप्प बसण्यात फार सुख असतं.

मांडवाच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा मागच्या चाकातून धूर निघत होता. आधी लोकांना वाटलं आचाऱ्याचा असेल. मग कुणीतरी ओरडलं, “गाडी पेटली!” बायका पोरांना उचलून मागे सरल्या. व्याही पाण्याची कळशी घेऊन धावत आले, तर आतून विहीणबाई ओरडल्या, “ती न्हाय, ती प्यायची हाय!”

मामा खाली उतरले. किल्ली त्यांच्या हातात, हँडब्रेकचा दांडा खाली, सगळ्यांना दिसेल असा. आता काय बोलतात म्हणून मी कान टवकारले.

“मागं ती बसली हुती,” माझ्याकडे बोट दाखवून मामा म्हणाले. “मागनंच धूर आला.”

मी काही उत्तर देणार तेवढ्यात व्याह्यांनी जवळच्या गॅरेजवाल्या भाईंना बोलावून आणलं. त्यांनी जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवायला गेले. चाक जागचं हलेना.

“दांडा खाली आलाय, पण केबल आतनं सुटंना,” भाई म्हणाले. “ओढून ओढून वाट लागलीया तिची. ब्रेक चाकाला चिकटूनच बसलाय. कोन ओढतंय ओ एवढा?”

अख्ख्या मांडवाने माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानेही बघितलं, त्याचा हिशेब मी वेगळा ठेवलाय.

तेवढ्यात आत्या सहज बोलाव्यात तशा बोलल्या, “रोज जेवल्यावर हेच जात्यात की गाडीपाशी. दार उघडून आत वाकून कायतरी वढत बसत्यात. मला वाटायचं, तंबाखू लपवत्यात.”

मांडवात जे हसू फुटलं त्याने पाळण्यातलं बाळ जागं झालं. मामा टोपी नीट करत उसाच्या फडाकडे बघत राहिले.

ते का ओढतात, हे मला त्या क्षणी कळलं. आमचं अंगण कालव्याच्या चारीकडे उतरतं आहे. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी मामांची उसाने भरलेली बैलगाडी त्याच उतारावरून मागे गेली होती, बैलांसकट चारीत. एका बैलाचा पाय मोडला. तो पुन्हा जुवाखाली आला नाही, तरी मामांनी त्याला विकला नाही. मरेपर्यंत बसल्या जागी चारा घातला. तेव्हापासून झोपायच्या आधी ते गोठ्यातल्या एकेका दाव्याची गाठ ओढून बघतात. मी बांधून आलेली माझी गाडीही ते रोज तशीच ओढून बघत होते. माझा राग तिथेच निम्मा झाला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला, कारण किल्ली अजून त्यांच्याकडे होती.

भाईंनी ब्रेक तात्पुरता सोडवून दिला, केबल नंतर आम्ही बारामतीत नवी टाकून घेतली. कुणी कुणाची माफी मागितली नाही, तशी आमच्याकडे पद्धत नाही. किल्लीही खिळ्यावर आली नाही. मी एसटीनेच जात राहिले आणि मामांच्या चहात साखर कमी घालत राहिले.

रविवारी सकाळी मामा टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले. “इंदापूरला जायाचंय. डाळिंबाचं औशध आणाय,” म्हणाले आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

मी गाडी काढली. मामा शेजारी बसले. वाटेत त्यांच्याकडे बघितलं तर उजवा हात त्यांनी स्वतःच्या मांडीखाली घट्ट दाबून धरला होता. हात मोकळा राहिला तर दांड्याकडे जाईल, म्हणून. इंदापूरपर्यंत ते आपल्याच हातावर बसून आले. माझा उरलेला रागही त्या हाताने संपवला.

दुकानासमोर थोडा उतार होता. मी गाडी थांबवली, तशी मांडीखाली हालचाल सुरू झाली. मला राहवेना.

“ओढा मामा,” मी म्हटलं. “पण हळू.”

त्यांनी दांड्याकडे बघितलं, मग समोर बघितलं.

“गाडी तुजी हाय,” मामा म्हणाले. “तूच वढ.”

मी ओढला. मामा उतरले, रस्त्याच्या कडेचा एक चांगला जाडजूड दगड उचलून आणला, मागच्या चाकाखाली सारला, त्यावर पाय देऊन बघितलं आणि मगच दुकानात गेले. निघताना त्यांनी तो डिकीत टाकला. अजून तिथेच आहे. एमआयडीसीच्या खड्ड्यांतून जाताना मागे धडधडतो. लॅबमधल्या मैत्रिणी विचारतात, डिकीत काय आहे गं? मी सांगते, आमचे मामा.