चांगुणामावशीच्या कॅनमधले पाणी

रविवार, १७ फेब्रुवारी १९९१. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. बोईसरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत मी कॉलेजातून मागून आणलेल्या पीएच मीटरची कांडी बुडवली आणि आकडा वाचला — ९.४. समुद्राच्या पाण्याचा असायला हवा ८.२ च्या आसपास. त्या आकड्यापासून पुढे जे घडले ते मी आईला सांगितलेले नाही, माझ्या मार्गदर्शकांना नाही, जिला सांगायला हवे होते तिला तर नाहीच. तुम्हाला प्रथमच सांगते आहे. आणि सांगताना मला लाज वाटण्याऐवजी संताप येतो आहे — पाच वर्षांनीही, तितकाच.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., पालघरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत साहाय्यकाची एकच जागा निघणार होती आणि ती मला हवी होती. हवी होती म्हणजे काय, हे तुम्ही समजू शकाल का? माझ्याकडे ओळख नव्हती, शिफारस नव्हती. टाकी होती. तीन फूट लांबीची, दीडशे लिटरची. तिच्यात चिंचणीच्या खडकांतून आणलेले जिवंत, म्हणजे सूक्ष्म जीवांनी भरलेले दगड, त्या दगडांवर बटणाएवढे मऊ प्रवाळ, दोन समुद्रफुले आणि अकरा गोगलगायी. घरगुती टाकीत प्रवाळाचा खडक वर्षभर जगवून दाखवणे, ही माझी शिफारस होती.

समुद्राचे पाणी आणायची चांगुणामावशी. चिंचणीची कोळीण, पन्नाशीच्या पुढची, गुडघ्यांनी थकलेली. कॉलेजच्या प्रात्यक्षिकांना लागणारे जिवंत खेकडे, तारामासे, शिंपले तीच पुरवत असे; आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तिचे नाव आणखी दोन कॉलेजांना सुचवले होते. त्यामुळे डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणे तिचे सुटले होते. नवऱ्याच्या होडीतून खोल पाण्यात भरलेले दोन कॅन घेऊन ती एस.टी.ने बोईसरला येई. खाडीचे पाणी तिने कधी आणले नाही. कॅन समुद्राच्याच पाण्याने तीनदा खळबळून मग भरायची, हे मी स्वतः पाहिले आहे. कंडक्टर तिला चिडवायचा, “मावशी, समुद्राचं तिकीट कोण काढणार?” त्यावर तिचे उत्तर ठरलेले: “मांडीवरच्या पोराला तिकीट नसतो रे, बस गप.”

जानेवारीच्या सुरुवातीला टाकीत तपकिरी चिकट थर दिसू लागला. आधी वाळूवर, मग दगडांवर, शेवटी शेंबडासारखे तंतू होऊन लोंबू लागला; प्रत्येक तंतूच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री नाहीसा व्हायचा, दिवे लावले की दुपारपर्यंत दुप्पट. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तेव्हा तिळासारख्या पेशी एका जागी डुलताना दिसल्या — डायनोफ्लॅजेलेट. एकपेशीय जीव, पोहण्यासाठी दोन चाबकांसारखे तंतू. त्यांच्या काही जाती विषारी असतात. तो थर खाणाऱ्या गोगलगायी एकेक करून उलट्या पडू लागल्या. अकराच्या सात झाल्या.

माझी पहिली चूक सगळ्यांचीच असते: घाण दिसली की पाणी बदला. मी दर दोन दिवसांनी मावशीचे ताजे पाणी घालत गेले आणि थर अधिकच जाड होत गेला. नोंदी समोर मांडल्या तेव्हा कळले — नव्या पाण्यासोबत या जीवांना हवे असलेले क्षारही येतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे शेवाळ माझ्या साफसफाईत मरते. म्हणून ५ फेब्रुवारीपासून मी पाणी बदलणे पूर्ण थांबवले. ही तारीख लक्षात ठेवा. माझ्या वहीत तिच्याखाली लाल रेघ आहे. मग तीन दिवस टाकीवर गोधडी टाकून पूर्ण अंधार केला. थर बारीक नळीने ओढून काढला. आणि चुन्याची निवळी सुरू केली: रात्री चुना कालवून ठेवायचा, सकाळी वरचे नितळ पाणी तेवढे घ्यायचे आणि दवाखान्यातून आणलेल्या सलाइनच्या नळीने थेंबथेंब टाकीत सोडायचे. पाणी किंचित अल्कधर्मी झाले की डायनोफ्लॅजेलेट हटतात. पीएच ८.४ पर्यंत, फार तर ८.५. त्यापुढे सगळेच मरते. उपाय उत्तम होता. आठवड्यात वाळू पांढरी दिसू लागली.

शनिवारी दुपारी तंतू परत आले.

रविवारी अकरा वाजता सर मुंबईच्या त्या संस्थेतल्या एका तज्ज्ञांना घेऊन टाकी पाहायला येणार होते. माझ्यापुढे दोन मार्ग होते. आहे तशी टाकी दाखवायची आणि म्हणायचे: प्रादुर्भाव आटोक्यात येत आहे, अजून तीन आठवडे लागतील, या नोंदी पाहा. हे शास्त्र झाले असते. दुसरा — पण दुसऱ्याला मार्ग तरी का म्हणावे? संध्याकाळी साडेसहाला मी दोन लिटरच्या बरणीत मूठभर चुना टाकला, हलवला आणि तळाचा गाळ बसण्याची वाट न पाहता ते पांढरे दूध सरळ टाकीत ओतले. थेंबथेंब नाही. एका दमात. मला ठाऊक होते. हे मुद्दाम लिहिते आहे: अज्ञानातून झालेली चूक नव्हती ती. नियम माझ्याच हाताने वहीत लिहिलेला होता.

सकाळी ९.४. प्रवाळ मिटून पांढुरके पडलेले, समुद्रफुले तळाशी गळून पडलेली, सातही गोगलगायी कवचाबाहेर लोंबत होत्या. मी आकडा वहीत लिहिला. मग ते पान फाडले.

वडील तोंड धुऊन बाहेर आले. त्यांनी टाकी पाहिली, मग कोपऱ्यात न वापरता पडून असलेला मावशीचा भरलेला कॅन पाहिला आणि सहज म्हणाले, “कसला कॅन आहे गं हा? कंपनीतला तर नाही ना, अॅसिडबिसिडचा?” ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, बोईसरमध्ये भंगारवाल्याकडून घेतलेले रसायनांचे रिकामे कॅन घराघरांत पाणी भरायला वापरतात, हे ते रोज पाहत होते. त्यांना कोणावर आरोप करायचा नव्हता. त्यांनी फक्त शंका काढली, आणि ती मी उचलली.

अकरा वाजता मी शांतपणे, बांधीव वाक्यात सांगितले: “पाणी आणण्याच्या कॅनमध्ये पूर्वी औद्योगिक रसायन असावे. दूषित पाण्यामुळे एका रात्रीत संपूर्ण मृत्यू झाला.” माझा आवाज कापला नाही. तज्ज्ञ म्हणाले, “तुम्ही कारण नेमके शोधलेत. इतके नुकसान होऊनही भावनेच्या आहारी गेला नाहीत, हे विशेष.” सर मान डोलावत माझी वही चाळत होते. ५ फेब्रुवारीचे पान त्यांनी उलटले. लाल रेघ पाहिली. अक्षराचे कौतुक केले. गेले बारा दिवस टाकीत मावशीच्या पाण्याचा एक थेंबही गेलेला नाही, हे त्या पानावर स्वच्छ लिहिलेले होते — आणि तरीही माझ्यासमोरच्या त्या दोन शास्त्र शिकलेल्या माणसांपैकी एकानेही विचारले नाही, मग दूषित झाली कशी? पीएच किती आहे? भरलेला कॅन तीन फुटांवर होता. कोणी झाकण उघडले नाही. का उघडतील? दोषी एक कोळीण असताना पुरावा कोणाला लागतो? ती वही त्यांच्या जागी मी चाळत असते आणि खोटे बोलणारी दुसरी कोणी मुलगी असती, तर मीही मान डोलावलीच असती. हे मला त्यांच्यापेक्षा माझ्याविषयी अधिक सांगते. मला त्यांचा राग येतो, पण त्यांनी काही लपवले नव्हते. लपवले मी.

मंगळवारी मावशी खेकडे घेऊन कॉलेजात गेली तेव्हा शिपायाने ‘तुझा कॅन कंपनीतला आहे’ असे सांगून तिला फाटकातूनच परत पाठवले. ती तशीच आमच्या दारात आली. सोबत आणलेला पाण्याचा कॅन खाली ठेवला आणि झाकण काढले.

“बाय, माजा कॅन खायच्या तेलाचा हाय. कंपनीचा नाय. वास घे.”

मी वास घेतला नाही. तेव्हा तिने ओंजळ भरून ते खारे पाणी तोंडात घेतले आणि गिळले. डोळ्यांत पाणी आले तिच्या, ठसका लागला. पदराने तोंड पुसून म्हणाली, “मी काय मेले काय?”

मी काय म्हणाले, माहीत आहे? मी म्हणाले, “मावशी, तुम्हाला नाही कळायचं. वास नसलेली, चव नसलेली रसायनंही असतात.”

तिने झाकण परत घट्ट बसवले. “नाकाला नाय कळत, जिभेला नाय कळत, मग तुज्या वहीला कसा कळला?” मग कॅन पायाने माझ्याकडे सरकवला. “ठेव. तुज्या यंत्रात घाल. काय निगाला तर माज्या गावात येऊन सांग, चार मान्सांत सांग. नाय निगाला तरी सांग.”

शिक्षणाचा असा उपयोग मी त्याआधी कधी केला नव्हता. ज्या भाषेत तिला उलट बोलताच येणार नाही अशा भाषेत मी तिला खोटे पाडले. आणि त्या वाक्यात शास्त्राच्या दृष्टीने एकही चूक नव्हती. अशी रसायने असतातच.

जागा मला मिळाली. बाकीच्या दोन कॉलेजांनीही मावशीचे सामान घेणे बंद केले. सरांनीच तिचे नाव सुचवले होते, त्यांनीच त्या कॉलेजांना कळवले. पुढे घरगुती टाक्यांवर मी एक पुस्तिका लिहिली. तिच्यात डायनोफ्लॅजेलेटवरचे सगळे उपाय आहेत — अंधार, पाणी न बदलणे, निवळी. शेवटी सूचना आहे: ‘पाणी पुरवणाऱ्याच्या भांड्यांची खात्री करून घ्यावी.’ गाळासकट चुना ओतला तर काय होते, ते मात्र त्यात नाही. ते लिहिले असते तर कोणीतरी विचारले असते, तुम्हाला कसे कळले? म्हणजे माझे खोटे छापून आले, आणि ज्या एका माहितीने कोणाची टाकी वाचली असती ती मी दाबून ठेवली.

दोन वर्षांनी संस्थेच्या जीपमधून मी मनोरला गेले होते. बाजाराच्या कडेला, उन्हात, मावशी सुकट आणि बोंबील मांडून बसली होती. चिंचणीहून मनोर म्हणजे दोन बस बदलून, त्या गुडघ्यांनी. तिने जीपकडे पाहिले. मला ओळखले. हाक मारली नाही, तोंडही फिरवले नाही. गिऱ्हाइकाला पुडी बांधून देत तशीच पाहत राहिली. मान मी खाली घातली. मांडीवर कागद होते, मी ते वाचू लागले — एक ओळही कळत नव्हती.

इथे थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, भित्री होती, तरुण होती, घाबरली. म्हणून उरलेलेही सांगते. तो कॅन मी फेकला नव्हता. मंगळवारी संध्याकाळीच त्याचा पीएच मोजला होता: ८.२. एवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण बुधवारी मी स्वतः किनाऱ्यावर जाऊन तीन गोगलगायी आणल्या, काचेच्या भांड्यात मावशीचे पाणी घेतले, हवेची नळी सोडली आणि त्यांना आत ठेवले. खरे शोधण्यासाठी? नाही. खरे मला ठाऊक होते. मला त्या मरायला हव्या होत्या. रोज सकाळी सहा चाळीसला मी काचेला नाक लावून पाहत असे, आज तरी एखादी उलटी पडली असेल, आज तरी माझे खोटे खरे ठरेल. मावशीच्या पाण्यात विष असावे म्हणून मी प्रार्थना करत होते — पूर्ण शास्त्रीय पद्धतीने, रोजच्या रोज, वहीत आकडा टाकून. त्या मात्र काचेवर चढत होत्या, उतरत होत्या.

नेमणुकीचे पत्र आले त्या दिवशी नोंदी थांबवल्या. वहीतली शेवटची ओळ अशी आहे:

११ मार्च. दिवस एकोणिसावा. एकूण ३. जिवंत ३.