बसून राहायला सांगणारे

मला घरातून न्हाणीपर्यंत जाताना धाप लागत होती, आणि वाशिमच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, "रोज वीस मिनिटं चालायचं." मला वाटलं, ही माझी थट्टा करते आहे.

त्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "बिडी किती ओढता?" मी आयुष्यात बिडी हातात धरली नाही. रिठदच्या अलीकडच्या आमच्या गावात शाळेच्या पोरांची खिचडी सोळा वर्षं शिजवली. टिनाच्या खोलीत, ओल्या लाकडांवर. पोरं जेवून वर्गात गेली की मी दाराशी खोकत बसायची. हे सगळं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं धुरानंही जातात. गेलेली परत येत नाहीत.

त्या पोरीनं माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. मी दोनदा भिंतीला टेकले. "दम लागेल, लागू द्या. दोन शब्द बोलता येतात तोवर चाला. बोलणं तुटलं की थांबा, शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून हळू श्वास सोडा, आणि पुन्हा निघा. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र घरी परत. पण नुसत्या बसून राहाल ना मावशी, तर पायातली ताकद जाईल आणि आणखी लवकर दम लागेल."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर निघाले. गाव चालू देईल तर शपथ.

"कुठी चालल्या काकू?"

"कुठीच नाही. फिरून राह्यली."

हे उत्तर कोणाला पटेना. हातात पिशवी नाही, डोक्यावर भारा नाही, म्हणजे बाईचं डोकं फिरलं. थांबून ओठ गोल केले की पोरी फिदीफिदी हसायच्या. मोटारसायकलवाले थांबून बसवून न्यायला बघायचे. दीर म्हणाले, "वहिनी, दम लागते तं काहून फिरता? बसा ना घरी."

पाचव्या दिवशी मी पुलाच्या कठड्याला टेकून श्वास सोडत होते. कोणीतरी मुलाला फोन केला, तुझी माय रस्त्यात पडली म्हणून. तो रिसोडच्या दुकानातून गाडी दामटत आला. मी उभी दिसताच ओरडला, "बस गाडीवर! तमाशा करून राह्यली काय? लोकं मले नावं ठेवून राह्यले, मायले रस्त्यावर सोडली म्हणून!"

चार माणसं जमली होती. माझा श्वास पुरत नव्हता, म्हणून तुकड्यातुकड्यानं बोलले, पण बोलले.

"सोळा वर्षं धुरात होती मी. खोकून खोकून रगत यायची पाळी. तवा यातल्या एकानं तरी म्हटलं काय, बाई, बस? तू म्हटलं काय? वीस किलोची खिचडीची गंजी उचलत होती मी, तवा कोणाले दया आली नाही. आता माझ्यासाठी दोन पावलं चालली, तं सगळ्याइले दया येऊन राह्यली!"

मुलानं मान खाली घातली. मी निघाले. तीनदा थांबले. तो गाडी ढकलत माझ्या मागं चालत राहिला, घर येईपर्यंत. त्या रात्री तो जेवताना माझ्याशी बोलला नाही, मीही बोलले नाही. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे खरं सांगते.

पुढच्या तपासणीला मात्र तो सोबत आला. त्याच व्हरांड्यात मी सहा मिनिटांत पहिल्यापेक्षा बरीच पुढं गेले, आणि एकदाच टेकले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आहेत तशीच आहेत, पाय सुधारले. मला तेवढं पुरलं. आता मी आपल्या अंघोळीचं पाणी आपण नेते.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक विधवा म्हातारी कुजबुजत म्हणाली, "मले बी तसाच दम आहे वं. डाक्टरनं चालाले सांगतलं. मी येऊ काय तुह्यासंगं?" तिची सून आतून ओरडली, "कुठी जायचं नाही! पडल्या झडल्या तं कोण करन?" त्याच सुनेच्या पोराला ही म्हातारी दिवसभर कडेवर घेऊन फिरते, तेव्हा पडायची भीती कोणाला वाटत नाही. मी सरळ त्यांच्या घरात शिरले आणि भांडले. चांगला अर्धा तास भांडले, मधे दोनदा थांबून श्वास घेतला.

आता आम्ही दोघी जातो. ती माझ्याहून हळू चालते, म्हणून मी अर्धं पाऊल मागं राहते.