मी सुधारलेले गाऱ्हाणे

माझी ट्रंक गावाबाहेर गेली ती इनास पदेराच्या, म्हणजे गावच्या पाववाल्याच्या सायकलवरून. मागे पावाची टोपली बांधायची जागा होती, तिथे त्याने ट्रंक बांधली आणि मी बाजूने चालत राहिलो. गोवा राज्य होऊन पुरता महिनाही झाला नव्हता, आणि या राज्याचा एक जबाबदार नागरिक पुण्याला मास्तरकी करायला निघाला होता. म्हापशाची बस आली तेव्हा इनासने ट्रंक टपावर चढवली, कागदात गुंडाळलेले चार उंडे, आमचे गोल पाव, माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "वाटेर खा. घाटार असले मेळचे नात."

मी नुसते "बरें" म्हटले. म्हणायचे दुसरेच होते. ते म्हणायला मला छत्तीस वर्षे लागली. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, झाले ते असे.

आमच्या पेडण्याकडच्या गावात वर्षातून एकदा सगळे देवळासमोर उभे राहतात आणि एक माणूस गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तो मान आमच्या बाबांचा. बाबांचे गाऱ्हाणे लांबलचक. त्यात गुरे यायची, आटलेल्या विहिरी यायच्या, सासरी गेलेल्या मुली आणि बांधावरून भांडलेले भाऊ यायचे. शेवटाकडे एक ओळ होती: "व्हाळापलीकडलो क्रिस्तांव आमचोच, तेका सांभाळ म्हाराजा." या ओळीला गाव मुद्दाम गप्प राहायचा. ओढ्यापलीकडून येऊन कुंपणाबाहेर नारळ घेऊन उभा असलेला इनास टोपी काढायचा आणि एकटाच म्हणायचा, "व्हय म्हाराजा." त्याच्या आधी त्याचा बाप म्हणायचा. त्यांच्या फेस्ताला, चर्चच्या सणाला, आमच्याकडून केळ्यांचा घड जायचा. याला कोणी सलोखा वगैरे म्हणत नव्हते. रीत होती, चालली होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, गोव्याची राजभाषा मराठीच व्हावी म्हणणारा कडवा कार्यकर्ता. घोषणा रंगवता रंगवता एकदा भान सुटले आणि मामाच्या नव्या भिंतीवर पोचलो. मामा मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग कोंकणी राजभाषा झाली, पाठोपाठ राज्यही झाले. माझ्या डोक्यातली वाटणी सोपी होती. मराठी म्हणजे देऊळ, कोंकणी म्हणजे चर्च, आमच्याकडची इगर्ज. देवळाच्या पायरीवर कोंकणीवाले बसलेले असायचे, आणि मी स्वतः आईकडे पेज मागायचो तीही कोंकणीतच. पण चळवळीत असले तपशील अडचणीचे होतात. राज्य भाषेवर उभे राहिले असे म्हणतात. माझ्यासारख्यांनी मात्र त्याच्या पायाभरणीत आपापला देव घालायचा चंग बांधला होता.

राज्य झाले म्हणून देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे ठरले. नेमका बाबांचा घसा बसला. मी म्हटले, मी घालतो गाऱ्हाणे. दोन दिवस खपून ते शुद्ध मराठीत लिहून काढले. गुरे गेली, गोधन आले. सासुरवाशिणी गेल्या, मातृशक्ती आली. गावठी वाटले ते सगळे उडवले. व्हाळापलीकडची ओळ तर पहिल्याच फटक्यात गेली.

त्या दिवशी खणखणीत आवाजात मी वाचत होतो. शेवट जवळ आला तशी इनासने सवयीने टोपी काढली. मी कागदावरून पुढे गेलो आणि संपवले. टोपी त्याच्या हातातच राहिली होती. मग त्याने ती डोक्यावर घातली, नारळ कुंपणावर ठेवला आणि गेला.

घरी पायरीवर पाय धुताना बाबा घोगऱ्या आवाजात एवढेच म्हणाले, "देवाफुड्यात माणसां गाळूची नसतत, रे."

दुसऱ्या दिवशी पदेराचा भोंगा ठरल्या वेळी वाजला आणि दारात नेहमीचे उंडे आले. त्याने पाव बंद केला असता तर मला बरे वाटले असते. निदान भांडता आले असते.

पुण्यात घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "गोव्याचे? म्हणजे ख्रिश्चन ना? पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही." ज्या मराठीपायी मी मामा गमावला, तिचे हे प्रशस्तिपत्रक. मी ट्रंकेतला देवीचा फोटो काढून दाखवला. बाई म्हणाल्या, "हो का? तरी मासे खातच असाल." पुढे शाळा झाली, लग्न झाले, फ्लॅट झाला. सोसायटीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये अजून कोणीतरी म्हणते, "सर गोव्याचे, त्यांना आपली पद्धत माहीत नसणार." सुरुवातीला मी खुलासे करायचो. आता करत नाही. चहा पितो, घरी येतो.

वीसेक वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर गाऱ्हाण्याचा मान चुलतभाऊ सदाकडे गेला. निवृत्त झाल्यावर मी त्या दिवसासाठी मुद्दाम गावी गेलो. सकाळी सदाने कपाटातून गाऱ्हाणे काढले. माझाच कागद. बाबा आयुष्यभर तोंडपाठ सांगत राहिले, पण माझा कागद त्यांनी पेटीत जपून ठेवला होता. सदाला तोच सापडला आणि त्याने तो लॅमिनेट करून घेतला. मातृशक्ती नुसती चकाकत होती.

मी म्हटले, "सदा, यात एक ओळ घालायची राहिली."

"लॅमिनेट केलां मरे," सदा म्हणाला. "आता पेन धरणा नाय. तूच सांग मगे तोंडान."

सांगायला गेलो तर बाबांचे शब्द काही केल्या आठवेनात. म्हणून व्हाळ ओलांडून इनासकडे गेलो. पावाची भट्टी आता बेळगावकडचा एक माणूस चालवतो. इनास दारात खुर्चीवर बसला होता.

"इनासबाब, बाबांच्या गाऱ्हाण्यात तुमची ओळ कशी होती?"

"आमची एकूच?" तो म्हणाला. "तुज्या बापायचें पुराय येता म्हाका."

आणि त्याने सगळे म्हणून दाखवले. गुरे, विहिरी, भांडलेले भाऊ. दर वर्षी आपली ओळ येईपर्यंत तो सगळे ऐकत उभा असायचा, दुसरे करणार काय. त्याच्या ओळीच्या पुढे आणखी एक ओळ निघाली, गाव सोडून गेलेल्यांची. तीही मीच उडवली होती.

मी म्हटले, "त्या दिशी चुकलें माजें."

"चुकलें न्हय," इनास म्हणाला. "गाळलें."

सदाचे वाचून झाल्यावर मी पुढे झालो. इनासला आत ये म्हटले होते. "म्हजी सुवात ती," म्हणून तो कुंपणाबाहेरच्या आपल्या जागेवरच राहिला. मी त्याची ओळ म्हटली आणि थांबलो. टोपी काढायला त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी पुढची ओळ म्हटली: "पोटासाठी मुलूख सोडून गेले, तेंका परतीची वाट दाखय म्हाराजा." या ओळीला पूर्वी सगळा गाव व्हय म्हणायचा. जुनी माणसे ती विसरली होती, आताच्या पोरांनी कधी ऐकलीच नव्हती. सगळी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गाऱ्हाणे घालणाऱ्याने स्वतः व्हय म्हणायचे नसते. मी उभा राहिलो.

कुंपणाबाहेरून एकच दमलेला आवाज आला. "व्हय म्हाराजा."

पुण्याच्या फ्लॅटच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. तरी घर कुठे म्हणून कोणी विचारले की मला पाटी आठवत नाही. तो आवाज आठवतो.